तातडीची रांग

वॉशिंग मशीन आणि गीझर बनवणाऱ्या त्या कंपनीचं तक्रार केंद्र मुख्य कचेरीपासून बसने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर होतं. ग्राहक फोन लावायचा तो मुख्य कचेरीला. तिथून त्याचा आवाज कंपनीच्या भाड्याच्या लाइनीवरून डोंगर ओलांडून केंद्रात यायचा, आणि उत्तर त्याच वाटेने परत जायचं. सकाळी ही ये-जा बरी चाले. दुपार चढली की शब्द गळायला लागत. "आपला पत्ता सांगा" यातलं "आपला" पोचायचं, "पत्ता" वाटेत राहायचा आणि "सांगा" विहिरीच्या तळातून आल्यासारखं यायचं. ग्राहक चिडायचा, फोन ठेवताना एक नंबर दाबून सगळ्यांत कमी गुण द्यायचा, आणि ते गुण जिने फोन घेतला तिच्या नावावर चढायचे.

यावर कंपनीने पहिला शोध लावला तो असा, की केंद्रातल्या बायका नीट बोलत नाहीत.

मग उच्चार सुधारण्याचा वर्ग लागला. शिकवणाऱ्या बाई मुख्य कचेरीत बसून पडद्यावरून रोज दुपारी जिभेचे व्यायाम करून घ्यायच्या. त्यांचं ते हसरं, मोठ्ठं चित्र कुठून येणार? त्याच लाइनीवरून. वर्ग चालू असेपर्यंत फोन पार बसले. महिनाभराने वर्ग संपला तसे ते थोडे सुधारले, आणि त्या थोड्याचं श्रेय बाईंना मिळून त्यांना शाल आणि गुच्छ मिळाला. देवाने माणसाला हसू दिलं ते बहुधा अशाच दिवसांसाठी.

बाकीचं जे सुधारलं नाही, त्यासाठी शेवटी वायरमनला पाठवलं. तो काही वायरमन नव्हता. कंपनीचं नेटवर्क सांभाळायचा, दिवसभर पडद्यासमोर बसायचा. पण कचेरीत हे नाव चिकटलं ते चिकटलं. त्याने जाण्याची विनंती स्वतःहून केली होती. कारण केंद्रात दुपारच्या पाळीला त्याची वहिनी होती, आणि या तिमाहीला सर्वांत कमी गुणवालीला घरी पाठवायचं ठरलं होतं. त्या यादीत शेवटचं नाव तिचंच होतं.

वहिनी त्या घरात आली तेव्हा हा शाळेत होता. पुढे भाऊ गेला, तरी तिने दिराला परकं केलं नाही. त्याची शेवटची फी तिनेच भरली. आता तिची लेक नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. सकाळ लेकीच्या धावपळीत जायची, म्हणून तिने कायमची दुपारची पाळी मागून घेतली होती; बाकीच्यांच्या पाळ्या बदलत्या. म्हणजे लाइन जेव्हा सर्वांत वाईट, तेव्हा ती फोनवर. गुण कमी का, हे कळायला एवढंच पुरे होतं. पण एवढंच कुणी बघितलं नव्हतं.

केंद्र म्हणजे एका बँकेच्या वरचा मजला. लांबट खोली, दोन ओळींत टेबलं, मधे पुठ्ठ्याचे आडोसे, खिडकीला अर्धवट उतरवलेले पडदे. छताच्या कोपऱ्यात एक कॅमेरा. दाराशी केंद्रप्रमुखाची काचेची खोली. त्याला सगळ्या जणी पाठीमागे मुकादम म्हणत.

"या भाऊजी," वहिनी हेडफोन कानावरून सरकवत म्हणाली. "प्रवासात काही खाल्लंत का तोंडाला कुलूप लावून आलात?"

"वहिनी, इथे नको. मी कामाला आलोय," तो हळूच म्हणाला.

"मग मी काय खेळायला बसलेय?" ती हसली. शेजारची पोरगी आडोशावरून डोकावली. "हे माझे दीर गं. आपला आवाज दुरुस्त करायला आलेत. तुझा आधी करून घे, तुझा घसाही बसलाय."

"आमचा आवाज नाही हो, नशीब दुरुस्त करा," पोरगी म्हणाली.

वायरमनने दुसरा हेडफोन जोडला आणि वहिनीचे कॉल ऐकत बसला. प्रत्येक कॉलआधी ती क्षणभर डोळे मिटायची, देवाचं नाव घ्यायची आणि मग बटण दाबायची. बोलणं सावकाश, स्वच्छ, मायेचं. एक म्हातारे गृहस्थ गीझरमधून गार पाणी येतं म्हणून तक्रार करत होते.

"काका, मागचं लाल बटण दाबून बघता का?"

"काय? कोण दगावलं?"

"कुणी नाही हो काका. बटण. लाल बटण."

"बाई, तुम्ही तोंडात काय धरून बोलता?" म्हाताऱ्याने फोन आपटला.

वहिनीने दिराकडे बघितलं. "नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणतात. इथे अंगणच वाकडं आहे भाऊजी, आणि नावं नाचणारीला."

त्याने आपला लॅपटॉप उघडला आणि लाइनीवरून काय काय जातं ते मोजायला बसला. दुपार ओसरेपर्यंत चोर सापडला. छताच्या कोपऱ्यातला तो कॅमेरा. मोठ्या साहेबांच्या दालनात भिंतीभर पडदा होता आणि त्यावर हे केंद्र दिवसभर दिसायचं. चित्र अडखळतं म्हणून साहेब एकदा चिडले होते, तेव्हा कुणीतरी ते उचलून तातडीच्या रांगेत घातलं होतं.

मुकादम काचेच्या खोलीतून बाहेर आला. "सापडलं का काही? माझ्या बायकांच्या जिभा सोडून?"

"सापडलं. असं बघा, पत्र दोन दिवस उशिरा आलं तरी ते पत्रच असतं. बोलणं तसं नाही. पाव सेकंद उशिरा आलेला शब्द म्हणजे कचरा, यंत्र तो फेकून देतं. म्हणून लाइनीवर एक तातडीची रांग असते, बोलण्यापुरती. बाकी सगळं मागे थांबतं. आता त्याच रांगेत साहेबांचं चित्र बसलंय, आणि तेही बरीचशी जागा अडवून. सकाळी कॉल थोडे, म्हणून निभतं; दुपारी कॉल वाढले की शब्द सांडतात."

"म्हणजे सगळेच पालखीत बसले," मागून वहिनीचा आवाज आला, "आता वाहायची कुणी?"

दोघीतिघी हसल्या. मुकादम हसला नाही. "हे तुम्ही म्हणता. पुरावा काय?"

तेव्हा कुणाच्याही मनात आलं असतं ते वायरमनच्या मनात आलं. कॅमेरा बंद करून दाखवावा. पण कॅमेऱ्याला हात लावायला मुकादम धजेना. "साहेब बघत असतात. पडदा काळा झाला तर पहिला फोन मला." मग वायरमनने दुसरी युक्ती काढली. "ठीक आहे. सगळ्या कॉलवर आहेत ना? आता फक्त एकीने फोन ठेवायचा. रांग कडेपर्यंत भरलीय, एक थेंब कमी केला तरी सांडायचं थांबेल. ऐका."

वहिनीने आपला कॉल संपवला आणि पुढचा घेतला नाही. खोलीतला फरक त्याच क्षणी कळला. ओरडणाऱ्या आवाजांची पट्टी खाली आली. "हां, आता येतंय," शेजारची पोरगी कुणाला तरी म्हणाली, "अगदी शेजारी बसल्यासारखं येतंय." मुकादमाने एकीचा हेडफोन मागून घेऊन कानाला लावला, मान हलवली आणि म्हणाला, "एकाच कॉलचा एवढा फरक?"

"एकाच. पण खरा रोग तो नाही, रोग चित्राचा आहे."

"हो हो," मुकादम म्हणाला. त्याची नजर वहिनीच्या गप्प बसलेल्या फोनवर होती.

परतीच्या बसमध्ये वायरमनने अहवाल लिहिला. पहिला उपाय: चित्र तातडीच्या रांगेतून काढावं, ते बंद पडणार नाही, मधूनमधून अडखळेल एवढंच. दुसरा: लाइन रुंद घ्यावी. इथे तो थांबला. दोन्ही उपाय त्याच्या वहिनीच्या फायद्याचे होते. कचेरीत नातं ठाऊक होतं. उद्या कुणी म्हणालं असतं, दीर वहिनीची वकिली करतोय. अहवाल एकांगी वाटू नये, कुणाला बोट ठेवायला जागा राहू नये, म्हणून त्याने तिसराही लिहिला. एका वेळच्या कॉलांवर मर्यादा घालावी, आजच्यापेक्षा एक कमी. वरचा ग्राहक ताटकळेल, पण चालू कॉल स्वच्छ राहतील. लिहून झाल्यावर त्याला बरं वाटलं. आपण कुणाचीही बाजू घेतली नाही, असं बरं वाटलं.

मोठ्या साहेबांच्या दालनात बैठक झाली. पडद्यावर केंद्र दिसत होतं; दोन ओळी टेबलं, वाकलेली डोकी. चित्र लोण्यासारखं सरकत होतं. साहेब, मनुष्यबळ विभागाच्या मॅडम आणि वायरमन, एवढेच.

"पहिला उपाय," साहेब म्हणाले, "म्हणजे हे अडखळणार?"

"कधीमधी, साहेब. दुपारी."

"दुपारीच तर बघायचं असतं. दुपारी लोक पेंगतात." त्यांनी पान उलटलं. "दुसऱ्याला खर्च आहे. तिसऱ्याला?"

"तिसऱ्याला खर्च नाही, पण तो उपाय नव्हे. तो नुसता—"

"तुम्हीच लिहिलाय ना?"

"हो."

"केंद्रप्रमुखही कळवतोय, स्वतःच्या कानांनी ऐकलं म्हणून. एक फोन कमी, आवाज स्वच्छ." साहेब खुशीत आले. "याला म्हणतात अहवाल. नाहीतर इथे येणारा प्रत्येक जण पैसेच मागतो."

मॅडमनी चष्मा चढवला. "एक कॉल कमी म्हणजे दुपारच्या पाळीत एक खुर्ची जास्त. तसंही गुणांच्या यादीत शेवटचं कोण ते ठरलेलंच आहे. एकाच कामात दोन्ही होतील."

"मॅडम, ते गुण लाइनीचे आहेत," वायरमन म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच चढलेला वाटला. "दुपारी तिथे कोणीही बसवा, अगदी त्या उच्चारांच्या बाईंना बसवा, गुण तेवढेच पडतील. हे चोर सोडून संन्याशाला फाशी आहे."

"तुमच्या नात्यातल्या आहेत ना त्या?" मॅडम सौम्यपणे म्हणाल्या.

ज्या वाक्याला भिऊन तिसरा उपाय लिहिला, ते वाक्य तिसरा उपाय लिहूनही यायचं ते आलंच.

"मर्यादा आजच घाला," साहेब म्हणाले. "किती वेळाचं काम आहे?"

"दोन ओळींचं."

खाली आपल्या टेबलाशी येऊन तो पाणी प्यायला. मग त्याने एका ओळीत आकडा एकाने खाली आणला, दुसऱ्या ओळीने तो पक्का केला. न करता चाललं असतं का? दुसऱ्या कुणी केलं असतं. ही समजूत माणसाच्या फार कामाला येते आणि रात्री कधीच पुरत नाही. त्याने चाचणीसाठी केंद्रातला एक कॉल ऐकला. शेजारची पोरगी एका बाईंना मशीनची जाळी कशी काढायची ते सांगत होती. एक अक्षर गळत नव्हतं. घसा बसलेला होता, तोसुद्धा नीट ऐकू येत होता.

संध्याकाळी त्याच्या टेबलावरचा फोन वाजला. केंद्राचा नंबर, त्याच लाइनीवरून.

"भाऊजी, मुकादमांनी कागद दिला. उद्यापासून नको म्हणाले."

"वहिनी, मी त्यांना सांगितलं, खूप सांगितलं. कॅमेऱ्याचा दोष आहे हे पहिल्याच—"

"वाचलं मी. त्यांनी अहवालपण दाखवला. तिसरा उपाय तुमच्याच हातचा ना?"

"हो."

"कुणी सांगितला होता लिहायला?"

"कुणी नाही." त्याने आवाज उतरवला. "दोनच लिहिले असते तर लोक म्हणाले असते, दीर वहिनीसाठी भांडतोय."

"मग?" ती म्हणाली. "भांडायचं नव्हतं?"

तिच्यामागे खुर्च्या सरकल्याचा, कुणीतरी पिशवीची चेन ओढल्याचा आवाज येत होता. ती रडत नव्हती. रडत असती तर कळलं असतं.

"लेकीला आज काही सांगू नका," ती म्हणाली. "तिची परीक्षा होऊ दे. नंतर मी बघेन."

"वहिनी, ऐका. मी दुसरीकडे कुठे तरी शब्द टाकतो, ओळखीच्या—"

"नको. तुमचे शब्द आता राहू देत." मग नेहमीच्या, मायेच्या स्वरात ती म्हणाली, "ठेवते भाऊजी. आपल्या बोलण्यात एका कॉलची जागा अडलीय. बाहेर कुणीतरी ताटकळत असेल."