शिवडीहून परत आलेली वाटी

मी वाटी बोलतेय. चांदीची, तळहातावर मावेल एवढी, बाळाला पहिला घास भरवायची वाटी. तीस वर्षांच्या आयुष्यात माझ्यातून तीनच मुलं जेवली. त्यातल्या तिसरीबद्दल मला सांगायचं आहे, कारण तिच्या तोंडापासून मला काढून घेतलं, आणि का काढून घेतलं ते कोणीच मोठ्याने बोललं नाही.

मला घडवलं गिरगावात. तात्या नावाचे एक गृहस्थ माझगावच्या गोदीत कामाला होते. त्यांनी मला भाचीच्या उष्टावणासाठी घेतलं. भाचीचं नाव सीमा. मामाने भाचराला पहिला घास भरवायचा ही आपल्याकडची रीत, म्हणून लालबागच्या चाळीत तात्या पाटावर मांडी घालून बसले आणि माझ्यातली खीर त्यांनी सीमाच्या जिभेवर ठेवली. तिने ती त्यांच्याच सदऱ्यावर थुंकली. सगळी खोली हसली. चार वर्षांनी तिचा भाऊ हितेंद्र माझ्यातून जेवला. तो थुंकणाऱ्यातला नव्हता. वाटी चाटून पुसून झाली तरी सोडायचा नाही.

नंतर मी कपाटात गेले. सीमाची आई सुचित्रा मला आपल्या शालूच्या घडीत ठेवायची. दसऱ्याला बाहेर काढायची, दंतमंजनाने घासायची आणि परत आत.

कपाटात दिसत नाही, पण ऐकू येतं. सीमा परळच्या एका हॉस्पिटलात लॅबमध्ये लागली, ते मी ऐकलं. तिने एके दिवशी गौतमचं नाव काढलं, तेही ऐकलं. मुलगा बँकेत आहे, शिवडीला राहतो, घरी फक्त आई आहे, असं ती सांगत होती. सीमाच्या वडिलांनी, अप्पांनी, त्याचं आडनाव विचारलं. तिने सांगितलं. मुलगा बौद्ध आहे हे कळल्यावर अप्पांनी पुढचं काहीच विचारलं नाही. आवाजही चढवला नाही. एवढंच म्हणाले, की तू लग्न करशील त्या दिवसापासून आम्हाला एकच मूल आहे.

लग्न झालं. घरात सीमाचं नाव निघेनासं झालं. दोन वर्षांनी तिला मुलगी झाली, तीही बातमी सुचित्राला शेजारणीकडून कळली.

त्यानंतर एका सकाळी सुचित्राने मला शालूतून काढलं, रुमालात गुंडाळलं आणि पिशवीत टाकलं. अप्पांना सांगितलं, डोळे तपासायला चालले. गेली ती थेट परळला, लहान मुलांना लस देतात तिथे. बाकावर सीमा बसली होती, मांडीवर सहा महिन्यांची मुलगी. मायलेकी अडीच वर्षांनी भेटत होत्या. रडारड होईल असं मला वाटलं होतं. सुचित्राने फक्त नातीच्या पायाची बोटं मोजल्यासारखी चाचपली आणि मला सीमाच्या हातात कोंबलं.

"घे गो बाय," ती म्हणाली. "तुझीच आहे. आता हिला वरचं सुरू करशील ना."

"अप्पांना माहितीय?"

"मी निघते. उशीर झाला तर विचारतील."

अशी मी शिवडीला आले.

मुलीचं नाव अपेक्षा. तिची आजी रखमा, म्हणजे गौतमची आई, हिने मला उलटंपालटं करून पाहिलं आणि कोणाकडून आली हे विचारलं. सीमाने सांगितलं. रखमाने मला सीमाच्या हातात परत दिलं. मग म्हणाली, "आईने दिलंय ना, मग वापर. कपाटात नको ठेवू."

आणि तिने मला वापरलं. तीस वर्षांत झालं नव्हतं एवढं काम मला त्या तीन महिन्यांत लागलं. रखमा नाचणी भिजवायची, मोड आणायची, वाळवून भाजून दळून आणायची आणि मलमलच्या फडक्यातून पीठ गाळायची. त्याची पातळ पेज सकाळी माझ्यात यायची. पहिले चार दिवस अपेक्षाने जिभेने सगळी बाहेर ढकलली. हनुवटीवरून लाळेऱ्यावर, लाळेऱ्यावरून सीमाच्या गाऊनवर. पाचव्या दिवशी तिने गिळलं. सीमाने श्वास रोखून पाहिलं आणि मग आत जाऊन गौतमला बँकेत फोन केला. फोनवर एवढंच म्हणाली, "गिळलं."

मग मुगाच्या डाळीचं पाणी, मग तुपातला मऊ भात, कुस्करलेलं रताळं. गाजराने तिची लाळ केशरी व्हायची. केळ्याने शी घट्ट झाली तर दोन दिवस दोघी सासूसुना हवालदिल. सीमाची रजा संपली, ती कामावर जाऊ लागली. दुपारी रखमा भरवायची आणि तीन घास गेले की चार, हे फोन करून कळवायची. नवव्या महिन्यात रखमाने पापलेटचा मऊ तुकडा उकडला आणि तो दोन बोटांत तीनतीनदा चोळून काटा नाही याची खात्री केली, तेव्हा कुठे तो माझ्यात पडला. अपेक्षाने तो खाल्ला आणि मला जमिनीवर आपटून आणखी मागितला.

तेव्हाच तिला एक नवीन खूळ लागलं. आपण खायचं आणि समोरच्यालाही भरवायचं. मुठीत भात धरायची आणि जो समोर असेल त्याच्या तोंडाला लावायची. सीमा खायची, रखमा खायची, गौतम ऑफिसला निघताना बूट घालून वाकायचा आणि लाळेने भिजलेला तो भात खाऊन जायचा. न खाणारं माणूस तिने पाहिलंच नव्हतं.

मग हितेंद्रचा फोन आला. रविवारी येतो म्हणाला, भाचीला बघायला.

सीमा त्या आठवड्यात वेगळीच झाली. पडदे धुतले. मामाने एक घास तरी भरवावा, उशिरा का होईना, एवढंच तिच्या मनात होतं. गौतमच्या घरात उष्टावणाचे विधी करत नाहीत. बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे वंदना म्हणून त्यांनी पहिली पेज भरवली होती. पण रखमा म्हणाली, "तुझा भाऊ आहे. भरवू दे त्याला. पोरीला काय, घास तो घास."

रविवारी हितेंद्र आला. हातात खोकाबंद खेळणं आणि खांद्यावर बॅग, बॅगेत स्वतःची पाण्याची बाटली. गौतमने सकाळीच कोल्ड्रिंकच्या बाटल्या आणून ठेवल्या होत्या. त्याने हितेंद्रसमोरच झाकण उघडलं. तो हे मुद्दाम करतोय हे मला कळलं. हितेंद्रलाही कळलं असावं, कारण त्याने मान वर केली नाही. अर्धी बाटली प्यायला. पोह्यांच्या बशीला हात लावला नाही.

सीमाने वरणभात कालवून मला त्याच्या हातात दिलं. त्याने एक चमचा अपेक्षाला भरवला. गौतमने फोटो काढला. फोटोत बघाल तर सगळं छान आहे.

मग अपेक्षाने माझ्यात हात घातला. मूठभर वरणभात उचलला, बोटांतून ओघळत होता तरी, आणि मामाच्या तोंडाला लावला.

हितेंद्रने ओठ मिटले.

तिला वाटलं नेम चुकला. तिने पुन्हा लावला, जोर करून. त्याने तोंड खिडकीकडे फिरवलं. भात त्याच्या गालाला लागला. तो म्हणाला, "मी जेवून आलोय." मग रुमाल काढून गाल पुसला आणि एकेक बोट पुसलं.

अपेक्षा आपल्या मुठीकडे बघत राहिली. मग तिने तो भात स्वतःच्या तोंडात घातला.

हितेंद्र चुळबुळत होता. त्याला जे सांगायचं होतं ते अजून राहिलं होतं. शेवटी खाली बघत त्याने सांगितलं, की त्याच्या बायकोला सातवा लागलाय. अप्पांनी कपाटात वाटी शोधली, सापडली नाही, तेव्हा आईला कबूल करावं लागलं. आता अप्पांना वाटी परत हवी आहे. घरातली आहे, घरात राहावी, असं ते म्हणतात.

"म्हणून आलास," सीमा म्हणाली.

"तसं नाही गं. भेटायचं पण होतंच."

सीमाने मला उचललं. माझ्यात निम्मा भात होता. तिने तो बोटाने निपटून स्टीलच्या वाटीत काढला आणि मला तशीच, खरकटी, त्याच्यापुढे धरलं.

"धुवत नाही," ती म्हणाली. "घरी नेऊन धुणारच आहात. दोनदा कशाला?"

हितेंद्रचा हात पुढे आला नाही. तेवढ्यात रखमा उठली. तिने सीमाच्या हातून मला घेतलं, मोरीत नेलं, घासलं, दोन पाण्यांनी धुतलं आणि पदराने कोरडं केलं. "आपल्या घरातून खरकटं भांडं जात नाही," ती सुनेला म्हणाली. हितेंद्रकडे तिने पाहिलंही नाही. त्याने बॅगेतून प्लॅस्टिकची पिशवी काढून तिचं तोंड उघडून धरलं आणि रखमाने मला वरून आत सोडलं.

दारातून बाहेर पडताना मला अपेक्षाचं रडणं ऐकू आलं. घास अर्धा राहिला होता आणि ती भुकेने रडत होती, एवढंच. तिला बाकी काही समजलेलं नाही. समजेल तेव्हा मी तिथे नसेन.

लालबागला मी कपाटात गेले नाही. पिशवीतच, गॅलरीतल्या कोनाड्यात, आठ दिवस राहिले. सुचित्रा येता-जाता बघायची. एकदा तिने गुपचूप पिशवीत हात घालून मला आतून चाचपलं, काही चिकटलेलं सापडतंय का बघत असल्यासारखं. काही नव्हतं. रखमाने स्वच्छ घासलं होतं.

अप्पांनी मला पाहिलंही नाही. सुचित्राला म्हणाले, "आटवून घे. आणि त्याच चांदीची नवी करून आण."

आज ती मला इथे, चाळीखालच्या सराफाकडे घेऊन आली आहे. सराफाने मला बोटावर वाजवून पाहिलं. कुठे चीर नाही, टवका नाही. त्याने विचारलं, चांगली वाटी आहे काकू, कशाला मोडताय? सुचित्राने बराच वेळ पर्समध्ये काहीतरी शोधल्यासारखं केलं. तिच्या मोबाइलमध्ये सीमाने पाठवलेला तो फोटो आहे, हितेंद्र भाचीला भरवतानाचा. तो तिने उघडला, पाहिला, बंद केला.

"जुनी झाली," ती म्हणाली.

सराफाने मला वजन करून मुशीशेजारी ठेवलं आहे. भट्टी पेटायला अजून थोडा वेळ आहे. आगीत सगळं शुद्ध होतं असं अप्पांना वाटतं. आगीने मळ जातो हे खरं, पण माझ्यात मळ नव्हता. माझ्यात वरणभात होता. थोडंसं तूप आणि एका मुलीची लाळ.

दोन-तीन महिन्यांनी त्या घरात बाळ येईल, पुढे सहा महिन्यांनी त्याला नवी कोरी वाटी दाखवतील, पाटावर बसवतील, खीर भरवतील. बाळा, माझं तुझ्याशी भांडण नाही. पोटभर जेव. पण आकार बदलला तरी चांदी बदलत नाही. तुझ्या ओठांना जी चांदी लागेल, ती तिच्या ओठांना लागलेलीच असेल. अप्पांना ते कधी कळणार नाही. सुचित्राला आजच कळलंय, म्हणून ती अजून दुकानाच्या पायरीवर उभी आहे आणि घरी जात नाही.