पुलाचा शेंदूर

घाटात रेल्वे येऊन वीस वर्षं झाली होती. ठाकुरवाडीच्या पुढच्या लोखंडी पुलाला गंज चढू नये म्हणून जवसाच्या तेलात खललेला शेंदूर लावत. ते काम भिसेगावच्या भिवाजीकडे होतं. आधी जुना थर खरवडायचा, मग नवा चढवायचा. केशरी पूड भाकरीवरही बसे; ती झटकून तो खाई.

दिवाळीनंतर त्याच्या तोंडाला गूळचट चव येऊ लागली. मग पोटात पीळ पडू लागले. होळीच्या सुमारास उजवा हात मनगटापासून लोंबला. मूठ वळे, पण पंजा वर उचलेना. आदल्या वर्षी त्याच्या जोडीदाराचा, नामाचा, हात असाच गेला होता. नामा कोंडाण्याचा, दोघांचं पाणी वेगळं, घरचं जेवण वेगळं. सारखा होता तो फक्त शेंदूर.

हे त्याने आबाजी मुकादमाला सांगितलं. आबाजी माणूस वाईट नव्हता. त्याने हात उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "अरं, मारुती जल्मभर शेंदरात बसलाय. त्याच्या हातातली गदा पडली का कदी?"

सगळे हसले. भिवाजीही हसला. दवाखान्यात एरंडेल मिळालं. त्याने पोट हललं, हात नाही. शनिवारी आबाजीने त्याच्या नावाने पुलाच्या कामाच्या पिंपातला वाटीभर कोरडा शेंदूर मारुतीला पाठवला.

सोमवारी बायको, इंदूबाई, देवळातून चिमूटभर शेंदूर घेऊन आली. पाण्यात कालवून तिने वाटी पुढे केली. गुरवाने सात दिवस घ्यायला सांगितलं होतं.

"पुलावरचाच हाय गं हा. आबाजीनं पिंपातला दिलेला," भिवाजी म्हणाला.

"असंल. आता देवाचा झाला."

पूड तळाशी बसली होती. ती पाण्यात विरत नाही, हे त्याने पिंपापाशी कितीदा पाहिलं होतं. नाही म्हटलं आणि हात उठला नाही, तर देवाला नाकारल्याचं खापर त्याच्याच माथी बसणार होतं. इंदूबाई तर त्याच्या हातासाठी शनिवारपासून उपाशी होती.

त्याने वाटीखाली दोन्ही हात धरले. उजवा घसरला. मग तिनेच वाटी त्याच्या ओठांना लावली आणि बोटाने तळ ढवळला.

"खालचं ठेवू नगा," ती म्हणाली. "त्यातच तर गुण हाय."