नमुन्याचा डावा बूट

मित्रांनो, मी एक जुना गमबूट आहे. डाव्या पायाचा. माझा उजवा जोडीदार कुठे आहे, मला ठाऊक नाही. मी कधी रस्त्यावर चाललो नाही, तेव्हा माझ्याकडून प्रवासवर्णनाची अपेक्षा ठेवू नका.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी मऊ आणि काळाभोर होतो. नगरपालिकेला गटारे साफ करणाऱ्या कामगारांसाठी बूट घ्यायचे होते. ज्या पुरवठादाराची निविदा मंजूर झाली, त्याने नमुना म्हणून मला दिले. माझे तोंड दोरीने बांधून गाठीवर लाखेचा शिक्का मारला गेला. पुढे येणारा प्रत्येक बूट माझ्यासारखाच असला पाहिजे, असा नियम होता.

भांडारातल्या वरच्या फळीवर मला जागा मिळाली. दर वर्षी नवा माल आला की भांडार सांभाळणारे काका मला खाली काढत. एका हाताने मला वाकवत, दुसऱ्या हाताने नवा बूट वाकवत, मग वहीत ‘नमुन्याबरहुकूम’ असे लिहीत. पहिल्या वर्षी त्यांनी अर्धा माल परत पाठवला. “आमच्या नमुन्याची सर नाही याला,” असे म्हणाले. मला फार अभिमान वाटला. त्यानंतर काही वाटल्याचे आठवत नाही.

रबर नुसते ठेवले तरी म्हातारे होते. आधी माझा घोटा ताठ झाला, मग तळवा. कडक माल आला, तो माझ्याशी जुळला. पुढच्या वर्षी आणखी कडक आला, तोही जुळला. काका इमानेइतबारे लिहीत राहिले. अशी अकरा वर्षे गेली.

मग एके दिवशी लंबू नावाने ओळखला जाणारा कामगार फुटका बूट घेऊन भांडारात आला.

“काका, हा तिसरा फुटला. आत पाणी शिरतं. डाव्या पायाची बोटं कळेनाशी झालीत.”

“अरे, मी स्वतः तपासलेत. नमुन्याला बरोबर जुळतात.”

“मग नमुन्यालाच पाठवा गटारात.”

खरेदीचे नियम सुधारण्यासाठी आलेल्या अधिकारी मॅडम तिथेच जुनी नियमावली चाळत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली.

“काढा बघू तो नमुना. घालू दे त्याला.”

“शिक्का मोडता येत नाही, मॅडम. नियम आहे.”

“तेच तर बदलायला आलेय मी.”

लाख फोडली. लंबूने मला पायात चढवले. माझ्या आत आलेला तो पहिला पाय. थंड होता. त्याने पाऊल टाकले आणि मी घोट्यापाशी फाटलो.

काका स्टुलावर बसले. “इतकी वर्षं याच्याशीच जुळवत होतो मी,” ते म्हणाले.

आता नियम बदलला आहे. नमुना दर वर्षी नवा घेतात आणि शिक्का मारण्याआधी कामगार तो आठवडाभर घालून बघतात. पसंतीची पहिली सही लंबूची झाली. त्याच्या दोन बोटांना अजून काही कळत नाही.

मी भंगारात आहे. मित्रांनो, एकच विनंती आहे. ज्याच्याशी सगळे ताडून बघता, त्यालाही अधूनमधून वाकवून बघा. मला वाकवताना काकांची नजर नेहमी दुसऱ्या बुटावर असायची.

बुटाचे काम मी आयुष्यात एकदाच केले. एक पाऊल. तेही पुरे झाले नाही.