टाकीच्या पाण्याची साक्षीदार

मी एक जुनी काचेची बाटली आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवते, स्वभावाने संशयी आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत आयुष्य काढले की असेच होते. प्रयोग न करता शेजारच्या वहीतून उत्तर उतरवणारी मुले मी पाहिली आहेत. फुटलेल्या परीक्षानळीचे तुकडे कचऱ्याखाली दडपून "मी नाही, बाई" म्हणणारीही पाहिली आहेत. जो फार गोड बोलतो त्याच्याकडे मी दोनदा पाहते.

माझा जन्म भट्टीतला. माझे बूचही काचेचेच. ते माझ्या गळ्यात घासून घासून बसवले आणि आम्हा दोघांवर सतरा हा एकच आकडा कोरला, कारण सतराचे बूच दुसऱ्या कोणत्या बाटलीला नीट बसत नाही. शाळेत आल्यावर माझ्यात हायपो नावाच्या रसायनाचे द्रावण भरले. वरच्या वर्गाच्या एका प्रयोगाला ते थेंबथेंब लागे. प्रयोगशाळेतले मामा मला फडक्याने पुसत आणि म्हणत, "ही आपल्या कपाटाची शान." वर्षांमागून वर्षे गेली आणि बुचाच्या खरबरीत काचेला एक बारीक पांढरी कड धरली. मला ती दागिन्यासारखी वाटे.

मग अभ्यासक्रम बदलला आणि तो प्रयोगच गेला. मामांनी मला रिकामे केले, वरवर विसळले आणि सर्वांत वरच्या फळीवर ठेवले. नावाची चिठ्ठी कसरीने खाल्ली. अकरा वर्षे मी तिथे धूळ खात बसले. इतकी वर्षे कोणी विचारले नाही, तर संशय वाढणारच.

यंदा विज्ञान स्पर्धेचा विषय आला, 'आपल्या परिसरातील पाण्याची गुणवत्ता'. सातवीतल्या दोन मैत्रिणींनी तो घेतला. एक चिमी. तिचे वडील पाण्याच्या टाकीवर पंपचालक आहेत, रोज पहाटे पंप सुरू करून टाकीत जंतुनाशक औषध सोडतात. दुसरीला सगळी शाळा वकीलबाई म्हणते, कारण ती शिक्षकांशीही वाद घालते आणि बहुधा जिंकते. दोघींनी तीन ठिकाणचे पाणी तपासायचे ठरवले, ओढ्याचे, विहिरीचे आणि टाकीचे. ओढा आणि विहीर यांच्या वाट्याला प्लॅस्टिकच्या बाटल्या आल्या. टाकीच्या पाण्यासाठी चिमीने स्टुलावर चढून मला खाली काढले. "माझ्या बाबांचं पाणी आहे," ती म्हणाली, "चांगल्या बाटलीत घेऊ." तिने मला तीनदा धुतले. बूच मात्र ओल्या फडक्याने नुसते पुसले.

औषधाची परीक्षा सोपी होती. नळीत पाणी घ्यायचे, त्यात तपासणीच्या पेटीतले दोन थेंब टाकायचे. पाण्यात औषध असेल तर ते पिवळे होते. ओढ्याचे पाणी पिवळे झाले नाही, विहिरीचेही नाही. ते ठीकच होते, तिथे औषध कोण टाकणार? पण माझ्यातले टाकीचे पाणीही बिनरंगीच राहिले.

"थेंब जुने असतील," चिमी म्हणाली.

वकीलबाईने मामांकडून चिमूटभर जंतुनाशक पावडर मागून घेतली, नळीतल्या पाण्यात टाकली आणि दोन थेंब सोडले. पाणी हळदीसारखे पिवळे झाले. थेंब निर्दोष सुटले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झाले. तेव्हा वकीलबाईने आवाज खाली आणला. "टाकीवर औषधाची पोती येतात ना? मग ती जातात कुठे?"

"म्हणजे काय म्हणायचंय तुला?"

"मी काहीच म्हणत नाही. पाणी म्हणतंय."

मित्रांनो, खरे सांगते, मलाही तेच वाटले. कुठेतरी पाणी मुरत होते. पंपचालक पहाटेचा आळस करत असेल, किंवा पोती परस्पर विकत असेल. मी तर मनातल्या मनात त्याला शिक्षासुद्धा ठोठावून टाकली.

विज्ञानाच्या बाईंनी फळ्यावरच्या तक्त्याकडे पाहिले आणि शांतपणे म्हणाल्या, "आकडे जसे आले तसेच लिहायचे. शनिवारी परीक्षक म्हणून पाणीखात्याचे साहेब येणार आहेत. त्यांनाही कळू दे." चिमीचा चेहरा उतरला. साहेबांनी तो तक्ता वाचला तर तिच्या बाबांची नोकरी जाणार, हे तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

त्या दिवशी ती मला दप्तरात घालून घरी घेऊन गेली. स्वयंपाकघराच्या ओट्यावरून मी सगळे पाहत होते. तिचे वडील आले, हातपाय धुऊन शर्ट खुंटीला अडकवला आणि चहा घ्यायला बसले. चिमी खुंटीपाशी गेली आणि शर्टाची बाही नाकाशी धरली. औषधाचा उग्र वास होता. तरी तिने विचारलेच, "बाबा, आज औषध टाकलंत का?"

"रोज टाकतो की. का गं?"

"काही नाही. सहज."

सहज कोणी विचारत नाही, एवढे मला कळते. आतून तिची आई म्हणाली, "हिचं काहीतरी बिनसलंय दोन दिवस." चिमी नीट जेवली नाही.

शुक्रवारी उजाडताना ती वडिलांच्या सायकलवर मागे बसून टाकीवर गेली. त्यांनी पिंपात पावडर कालवली, गाळली आणि टाकीत सोडली. तासाभराने टाकीखालच्या नळाला सरळ नळी लावून त्यांनी खिशातल्या पेटीतले दोन थेंब टाकले. पाणी पिवळे झाले. "हे बघून मगच मी गावाला पाणी सोडतो," ते म्हणाले. चिमीने त्याच नळाखाली मला भरले, सतराचे बूच घट्ट बसवले आणि शाळेत आली. माझ्यातले पाणी नळीत घेतले, थेंब टाकले. बिनरंगी!

"मी माझ्या डोळ्यांनी पिवळं बघितलंय!" चिमी ओरडली.

"तुझे बाबा आहेत म्हणून बोलतेस," वकीलबाई म्हणाली, पण या वेळी तिचा आवाज तितका पक्का नव्हता.

चिमी बोटांवर मोजू लागली. "टाकी तीच. नळ तोच. थेंब चांगले आहेत. मधे राहिलं काय?" आणि तिने माझ्याकडे पाहिले. मित्रांनो, संशयाने कोणी आपल्याकडे पाहिले की कसे वाटते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळले.

शाळेच्या नळाला टाकीचेच पाणी येते. नमुना बाटलीतच घ्यायचा, असा बाईंचा नियम होता, म्हणून त्या नळाखाली थेट नळी कोणी धरलीच नव्हती. चिमीने धरली आणि थेंब टाकले. पिवळे! मग त्याच नळाचे ताजे पाणी माझ्यात भरले, बूच लावून हलवले, पुन्हा नळीत घेऊन थेंब टाकले. बिनरंगी. वकीलबाईने माझे बूच उपसून उजेडात धरले, आणि माझा तो दागिना तिला दिसला.

झाडू टाकून मामा जवळ आले. त्यांनी माझ्या पोटावरचा आकडा वाचला आणि कपाळावर हात मारला. "अगं पोरींनो, ही तर हायपोची बाटली! हायपो औषधाला खाऊन टाकतो. मीच धुताना कंटाळा केला."

चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यात मीही सामील होते. जगावर संशय घेतला, स्वतःच्या गळ्यात काय अडकले आहे ते पाहिले नाही. मला फार लाज वाटली. फुटता आले असते तर त्या क्षणी फुटले असते.

वकीलबाईने जुना तक्ता स्वतः फाडला. "सॉरी," ती म्हणाली. वकिलाला हा शब्द फार जड जातो. दोघींनी नवा तक्ता केला, त्यात आपली चूकही लिहिली. शनिवारी मीही त्या टेबलावर होते, पुराव्याची वस्तू म्हणून. पाणीखात्याच्या साहेबांनी चूक लिहिलेला भागच दोनदा वाचला. त्यांच्या मागे चिमीचे वडील धुतलेल्या शर्टात उभे होते. त्यांनीही वाचला, बोट ठेवून, सावकाश.

चिमी खाली मान घालून म्हणाली, "बाबा, तिच्याबरोबर मलाही तुमचा संशय आला होता."

"माहीत आहे," ते म्हणाले. "शर्ट हुंगत होतीस."

"मग बोलला का नाहीत?"

"म्हटलं, पोरगी तपासतेय. पुरतं तपासू दे."

आणि त्यांनी मला उचलले, माझे बूच नीट बसवले आणि हळूच खाली ठेवले, जणू मी त्यांचे काही वाकडे केलेच नव्हते.

आता मी पुन्हा फळीवर आहे, पण खालच्या. माझ्या पोटावर चिमीच्या अक्षरातली चिठ्ठी आहे, 'हायपोची बाटली. हिच्यात पाण्याचा नमुना घेऊ नये.' मित्रांनो, आम्हा बाटल्यांना धुताना बुचासकट धुवा आणि आमच्यात काय होते ते लिहून ठेवा, एवढीच विनंती. संशय घ्यायचे मी अजून सोडलेले नाही. फक्त सकाळी मामा कपाट उघडतात तेव्हा आधी आपले बूच पाहते.