बुरुजावरच्या म्हातारीचं कार्ड

दिग्दर्शकाने भिंतीवरचं ते कार्ड पुन्हा काढलं. तिसऱ्यांदा! एकेका प्रसंगाचं एकेक कार्ड, अशी अख्खी भिंत भरली होती, आणि या बाबाचा हात नेमका बुरुजावरच्या म्हातारीवरच जायचा.

"ताई, चार खंड, सात राजे, दोन ड्रॅगन, आणि आपल्याकडे वेळ अडीच तास," तो म्हणाला. "ही बाई नुसता दिवा लावते. तिच्यावाचून काय अडतं?"

पटकथा ताई लिहीत होती. ते चारही खंड तिच्या दादाने लिहिलेल्या कादंबरीचे. दादा गेला, आई मागे राहिली. तो घरी येईपर्यंत जिन्यातला दिवा कुणाला मालवू न देणारी आईच त्याने बुरुजावर नेऊन बसवली होती. आईला ड्रॅगनबिगन काही कळत नसे. भिंग घेऊन ती तेवढी दोनच पानं वाचायची. ती एकदा पडद्यावर बघायची, मग खुशाल डोळे मिटायचे, एवढंच तिचं मागणं. तेही काढायचं? छे, अजिबात नाही!

भांडून कार्ड टिकत नाही, हे ताईला कळून चुकलं होतं. काय अडतं म्हणतो? थांब, अडवूनच दाखवते! तिने कंबर कसली आणि आठवडाभर बसून शेवटची लढाई उलटीपालटी केली. आता धुक्यात वाट चुकलेला युवराज गडावर पोचायचा तो त्या एका दिव्याच्या उजेडावर. दिवा काढला की सिनेमा तिथेच आडवा.

दिग्दर्शकाने वाचलं, डोकं खाजवलं. "जमलंय हो. पण ही वरची दहा मिनिटं आणायची कुठून?"

ताईने भिंतीवरची सहा कार्डं उपटली. युवराजाची धाकटी बहीण, ड्रॅगनशीसुद्धा हुज्जत घालणारी बडबडी.

"अहो, ती तर वाचकांची लाडकी!"

"असू दे. तिच्यावाचून काही अडत नाही." कार्डं तिने जपून पर्समध्ये ठेवली, पण परत लावली नाहीत.

संध्याकाळी तिने आईला सांगितलं, तू राहिलीस.

"आणि तू गं? त्याने किती हौसेने लिहिलं होतं तुला."

"मला काढलं."

"कुणी? कोण तो मेला?"

"मीच, आई."

आई भिंग तिच्या हातात कोंबत म्हणाली, "आण ते चारही खंड. तुझी पानं काढ आणि वाच मला. एकही गाळायचं नाही."