मी तपासलं, आणि नाही म्हटलं

मंगळवारी सकाळी साडेनऊला हन्ना साळवेनं लॅपटॉप उघडला आणि पहिल्याच मेलच्या तळाशी तिला स्वतःचं नाव दिसलं.

मेल कंपनीच्या आतला नव्हता. लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्यावर, म्हणजे कर्नलवर, काम करणारे जगभरचे लोक वाचतात त्या मेलिंग लिस्टवर तो गेला होता. तिच्याच टीममधल्या आदिनाथ भांगरेनं लिहिलेला एक बदल, पुण्याच्या ऑफिसातून पाठवलेला. खाली दोन ओळी होत्या. लिहिणारा, आदिनाथ भांगरे. तपासून संमती देणारी, हन्ना साळवे.

तिनं संमती दिलीच नव्हती. अकरा दिवसांपूर्वी तिनं या बदलाला स्वच्छ शब्दांत नकार दिला होता.

आपल्याकडून वाचताना काही चुकतंय का, म्हणून तिनं कोड पुन्हा पहिल्यापासून वाचला. कदाचित दुरुस्त करून पाठवला असेल. पण ती ओळ जशीच्या तशी होती. जिथं तिनं बोट ठेवलं होतं तिथं अल्पविरामसुद्धा हललेला नव्हता. हन्नाच्या कानशिलांत रक्त धडधडायला लागलं.

पुण्याच्या ऑफिसापासून दूर, सावेडीतल्या आपल्या फ्लॅटच्या मागच्या खोलीत बसून ती सहा वर्षं हेच काम करत होती. दुसऱ्यांचा कोड वाचायचा. एका मोठ्या कॉम्प्युटरचे अनेक छोटे कॉम्प्युटर करून वेगवेगळ्या गिऱ्हाइकांना देतात. प्रत्येकाला वाटतं, मशीन आपल्या एकट्याचंच. त्या धंद्यात या छोट्या कॉम्प्युटरांना गेस्ट म्हणतात. एखाद्या गेस्टला जास्त वेग हवा असेल तर नेटवर्कचं कार्ड थेट त्याच्या हवाली करतात. असं कार्ड मधल्या कुणाला न विचारता सरळ मेमरीत लिहितं. म्हणून कुठल्या कार्डानं मेमरीच्या कुठल्या पानाला, म्हणजे तुकड्याला, हात लावायचा, याचा एक तक्ता असतो. गेस्टकडून मेमरी परत घेताना क्रम सांभाळावा लागतो. आधी तक्त्यातली नोंद खोडायची. मग हार्डवेअरनं जुन्या नोंदी वेगासाठी लक्षात ठेवलेल्या असतात, त्या त्याला विसरायला लावायच्या. आणि त्यानंतरच ते पान दुसऱ्याला द्यायचं.

आदिनाथनं वेळ वाचवण्यासाठी हे विसरायला लावणं साठवून ठेवलं होतं, बऱ्याच पानांचं एकदम. इथवर ठीक होतं. पण पानं मात्र तो आधीच सोडून देत होता. म्हणजे काही क्षण पान एका गिऱ्हाइकाचं झालेलं, आणि दुसऱ्याच गिऱ्हाइकाचं कार्ड त्यावर अजून लिहितंय.

‘आधी विसरायला लाव, मग पान सोड. या रूपात मी याला संमती देणार नाही,’ असं तिनं लिहिलं होतं.

तिनं टीमप्रमुख रंगनाथ दरेकरांना फोन लावला.

“सर, त्या बदलाखाली माझं नाव कुणी टाकलं?”

“गुड मॉर्निंग तरी म्हण आधी.”

“कुणी टाकलं?”

“मी टाकलं. अगं, शुक्रवारच्या कॉलवर तूच म्हणालीस ना, बाकी ठीक आहे म्हणून.”

“बाकी!” हन्नाचा आवाज चढला. “बाकी म्हणजे ते सोडून बाकी. चूक सोडून जे उरतं ते ठीक आहे, असं म्हणाले मी. चूक तशीच ठेवून माझं नाव लावा, असं नाही म्हणाले.”

“हे बघ, चूक कागदावरची आहे. कुठला गेस्ट चालू कार्डाखालची मेमरी स्वतःहून काढून देईल?”

“ज्याला शेजाऱ्याची मेमरी बिघडवायची आहे, तो.”

“तू फार ताणतेस, हन्ना. गिऱ्हाइकाला अठरा टक्के जास्त वेग दाखवायचाय आपल्याला. बदल बाहेर स्वीकारला गेला की आपलं काम सोपं होतं. आणि खरं सांगू? तुझं नाव खाली असलं की तिथली माणसं फार खोलात जात नाहीत. हे तुझं कौतुकच आहे.”

सहा वर्षं तिनं एकेक ओळ वाचली होती. तिकडच्या लोकांशी वाद घातले होते, कधी स्वतः चुकली तर सगळ्यांसमोर तसं लिहिलं होतं. त्यातून जो विश्वास जमला, तोच या माणसानं पाहणाऱ्याचे डोळे झाकायला वापरला होता.

“नाव काढून घ्या. आज,” ती म्हणाली.

“चूक घडताना दाखव, काढतो,” म्हणून त्यांनी फोन ठेवला.

एकच्या सुमाराला तिचा नवरा जस्टिन शाळेतून आला. तो आठवी ते दहावीला गणित शिकवायचा. ताटं वाढतानाच तिनं त्याला सगळं सांगितलं. त्याला कोडमधलं काही कळत नव्हतं, म्हणून ती म्हणाली, “आपल्या बिल्डिंगमधून एक भाडेकरू गेला. रजिस्टरातून त्याचं नाव खोडलं. पण वॉचमनला कुणी सांगितलंच नाही. तो त्याला ओळखीनं अजून आत सोडतोय, आणि वर नवीन बिऱ्हाड राहायला आलंय. असं आहे ते.”

“मग चूक त्या मुलाची. तुझं फक्त नाव आहे,” जस्टिन म्हणाला.

“फक्त नाव?”

“अगं, किती जण वाचत असतील ते? एक साधा मेल टाक आतल्या आत आणि सोडून दे. आईबाबांना बेलापूरहून इथं आणायचंय आपल्याला. या वेळी तुझ्या ऑफिसात भांडण नको.”

“तू नापास केलेल्या पोराला मुख्याध्यापकांनी पास केलं, आणि खाली तुझी सही ठोकली, तर?”

जस्टिननं घास तसाच हातात धरला. “ते वेगळं आहे.”

“कसं वेगळं आहे, सांग ना.”

त्यानं तो घास तोंडात टाकला. तिनंही पुढं ऐकून घेतलं नसतं. पुढचं जेवण दोघांनी एकमेकांकडे न बघता उरकलं. आपण त्याच्यावर विनाकारण ओरडलो हे तिला हात धुताना कळलं, पण माफी मागण्याइतकी जागा त्या रागात उरली नव्हती.

दाखव म्हणतात ना, दाखवतेच. टेबलाखाली तिचं चाचणीचं मशीन होतं. तिनं त्यावर दोन गेस्ट उभे केले. पहिल्याला कार्ड थेट दिलं आणि त्याच्याकडे बाहेरून सारखा एकच मजकूर पाठवत राहिली. कुठला मजकूर पाठवायचा? समोर किराण्याची यादी पडली होती, तीच तिनं टाईप केली. पहिल्या गेस्टनं कार्ड चालू असतानाच मेमरी काढून द्यायची, परत घ्यायची, परत काढून द्यायची. दुसऱ्या गेस्टनं ती सुटलेली पानं घ्यायची, आपली सगळी मेमरी शून्यांनी भरायची आणि शून्याशिवाय काही दिसतंय का ते तपासत बसायचं.

मंगळवार गेला, काही नाही. बुधवारी दोनदा वीज गेली, दुसऱ्यांदा इन्व्हर्टरनंही मान टाकली आणि सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागलं. संध्याकाळी रंगनाथ सरांचा मेसेज आला, ‘दिसलं का काही?’ आणि पुढे हसरा चेहरा. हन्नानं फोन पलंगावर भिरकावला.

गुरुवारी दुपारी सव्वातीनला दुसरा गेस्ट थांबला. ओळीमागून ओळ शून्यं, आणि मधेच मजकूर: ‘तूरडाळ दोन किलो, शेंगदाणे एक कि’.

तिथंच तुटला होता. ज्या गेस्टला कुणी काही पाठवलंच नव्हतं, त्याच्या मेमरीत तिच्या घरची तूरडाळ पडली होती. आज डाळ आहे. उद्या एखाद्या दवाखान्याच्या मशीनमध्ये दुसऱ्याच्या रिपोर्टचा आकडा पडला असता, आणि डॉक्टरला तो कुठून आला ते जन्मात कळलं नसतं. वर तपासणारी म्हणून हन्ना साळवे. तिला आनंद झाला नाही. तिनं टेबलावर इतक्या जोरात हात आपटला की शेजारच्या खोलीत पेपर तपासत बसलेला जस्टिन धावत आला.

तिनं त्याला पडदा दाखवला. त्यानं ती ओळ दोनदा वाचली.

“ही आपली यादी,” तो म्हणाला. “आणि ही तिथं असायला नको होती?”

“नको होती.”

तो तिथंच खुर्ची ओढून बसला. “मी परवा चुकीचं बोललो,” म्हणाला.

लिस्टवर लिहिण्याआधी तिनं आदिनाथला फोन केला. पोरगा अकोले तालुक्यातला, राजूरच्या वरच्या एका वाडीतला. एरवी फोनवर अगदी नीटनेटकं बोलायचा.

“आदिनाथ, माझी हरकत तू वाचली होतीस?”

“व्हय, ताई. वाचली हुती. सर म्हनले, हन्नाशी बोलनं झालंय, ती तयार हाय.”

“आणि मला एक फोन करून विचारावंसं नाही वाटलं तुला?”

“वाटलं. भ्यालो.”

“कुणाला? मला का त्यांना?”

“दोगांलाबी.”

एरवी ती हसली असती. “ऐक. तुझ्या कोडमधली चूक मी आता सगळ्यांसमोर सांगणार आहे. तुला वाईट वाटेल. पण कोडमधली चूक दुरुस्त होते, त्यात लाज नाही. नावाचं काय झालं ते तुला माहीत आहे. त्यावर बोलायचं की नाही ते तू ठरव. बोल असं मी सांगणार नाही.”

मेलच्या पहिल्या मसुद्यात रंगनाथ सरांचं नाव चारदा आलं होतं आणि ‘निर्लज्ज’ हा शब्द दोनदा. हन्ना गच्चीवर गेली, वाळत घातलेले कपडे काढून खाली आली आणि ती सगळी वाक्यं पुसली. उरलं ते एवढंच: या बदलाखाली माझं नाव आहे, ते मी दिलेलं नाही. मी हा बदल तपासला आणि नाकारला. कारण असं, चाचणी अशी, निकाल सोबत. कृपया हा बदल घेऊ नये.

चाळीस मिनिटांत उत्तर आलं. कर्नलच्या या भागाची जबाबदारी असलेल्या बाईंनी दोन ओळी लिहिल्या होत्या. बदल काढून टाकला आहे. न दिलेली संमती कुणी घातली, याचा खुलासा पाठवणाऱ्यांनी करावा.

लगेच रंगनाथ सरांचा फोन.

“हे काय केलंस तू? घरातलं भांडण चव्हाट्यावर नेलंस!”

“चव्हाट्यावर माझं नाव तुम्ही नेलंत, सर. मी ते परत घेऊन आले.”

“मला आधी दाखवायचं होतंस. मी गुपचूप काढलं असतं.”

“मंगळवारी सांगितलं होतं. बुधवारी तुम्ही हसरा चेहरा पाठवलात.”

“कंपनीची इज्जत गेली, कळतंय का तुला?”

“माझी गेली असती तेव्हा चाललं असतं तुम्हाला,” ती म्हणाली आणि या वेळी फोन तिनं ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लिस्टवर आदिनाथचं उत्तर होतं. इंग्रजी थोडं अडखळत, पण अर्थ स्वच्छ: हन्ना यांनी संमती दिली नव्हती. त्यांची हरकत मला माहीत होती. माहीत असूनही मी हा बदल जाऊ दिला, ही माझी चूक. त्यानं दुसऱ्या कुणाचं नाव घेतलं नाही.

पुढच्या आठवड्यात पुण्याहून मीटिंग लागली. पडद्यावर चार चेहरे होते, त्यातला एक रंगनाथ सरांचा. हन्नानं ‘गैरसमजातून हा प्रकार घडला’ असं एक वाक्य लिस्टवर टाकावं, असं ठरलं होतं. वाक्य तयारच होतं, फक्त पाठवायचं.

“कुणाचा गैरसमज?” तिनं विचारलं.

“तसं कुणाचं असं नाही. एकंदर,” त्यातल्या एक बाई म्हणाल्या.

“मला तरी काही गैरसमज नाही. सर, तुम्हाला होता का?”

रंगनाथ सर कागद चाळत राहिले. हन्नानं ते वाक्य पाठवलं नाही. महिन्याभरात तिला कोड तपासणाऱ्या टीममधून काढून माहितीपुस्तिका लिहिणाऱ्या टीममध्ये टाकलं. रंगनाथ सर होते तिथंच राहिले. जस्टिन म्हणाला, “सोड ही नोकरी, आपण बघू काहीतरी.” ती म्हणाली, “दुसरी मिळाली की सोडते. त्यांच्या सोयीनं नाही.”

लिस्टवर मात्र तिला कुणी अडवू शकत नव्हतं. आपल्या स्वतःच्या मेलवरून, रविवारी, ती तिथं पूर्वीसारखीच कोड वाचू लागली. एका रविवारी आदिनाथचा नवा बदल आला. पानं आता हार्डवेअर नोंदी विसरल्यानंतरच सुटत होती. वेग अठराऐवजी सहाच टक्के वाढला होता, आणि त्यानं तो तसाच लिहिला होता. संमतीची जागा मोकळी होती.

हन्नानं दुपारभर वाचलं. मधेच काम फसलं तर काही पानं कधीच सुटत नाहीत, अशी एक जागा तिला सापडली. तिनं ती ओळ दाखवून लिहिलं, ‘हेही चालणार नाही.’

दहाच मिनिटांत फोनवर मेसेज आला. ‘व्हय ताई, दिसलं. परत लिहितो.’

त्याच्या खालीच कंपनीच्या ग्रुपवर रंगनाथ सरांना बढती मिळाल्याचा मेसेज होता, आणि त्याखाली अभिनंदनाची रांग लागली होती. हन्नानं तो पूर्ण वाचला. तिच्या कानशिलांत पुन्हा तसंच धडधडलं. तिनं अभिनंदन केलं नाही, ग्रुपही सोडला नाही. फोन पालथा ठेवला आणि पुढचा बदल उघडला, कुणा अनोळखी माणसाचा, तीनशे चाळीस ओळींचा, आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागली.