सासूचं डोकं नि वाळूची टेकडी

मी वाळूची टेकडी बोलतेय, ग्रीसमधल्या लिम्नोस बेटाच्या किनाऱ्यावरची. नाही बसत विश्वास? नको बसू दे. तुझ्यासारखे टोपीवाले रोज येतात, मला तुडवत वर चढतात, फोटो काढतात नि म्हणतात, "अगदी वाळवंट!" वाळवंट म्हणे! पलीकडचा एवढा मोठा समुद्र दिसत नाही होय रे?

वाऱ्यानं मला जन्म दिला नि पसार झाला. रानगवतानं मुळं रोवून मला धरून ठेवलं. माणसांनी काय केलं? आडोसा बघून माझ्यामागं बसली. आणखी काय करणार ती!

गावच्या बायाही काही मायेनं येत नाहीत. उन्हाळ्यात गुडघे धरले की खड्डा करून मानेपर्यंत माझ्यात पुरून घेतात. तापल्या वाळूनं दुखणं निघतं. पण घाम पुरता निघेतो हलायचं नाही. वारं लागलं तर अंथरूणच धराल, असं सगळं गाव मानतं.

यंदा झीसिस खानावळवाल्याला माझी अडचण झाली. गिऱ्हाइकांना तळलेली मासळी खाताना समुद्र दिसत नाही म्हणे! मला सपाट करायला त्यानं बुलडोझर आणवला. चालवायला पांतेलिस. नि बरोब्बर त्याच्या वाटेत वाळूतून वर आलेलं पांतेलिसच्याच सासूचं, पागोनाबाईचं डोकं!

"आई, बाहेर या हो!"

"घाम निघतोय, जावईबापू. वारं लागून मेले तर माझ्या लेकीला काय सांगाल?"

"अजून किती वेळ?"

"गुडघ्याला विचारा."

झीसिस फावडं घेऊन धावत आला. "अरे, खणून काढ म्हातारीला!"

"तूच काढ. मला घरी जेवायचंय."

झीसिसनं फावडं उचललं तशी पागोना किंचाळली, "खबरदार! अंगावर चिंधी नाही माझ्या!"

फावडं पडलं, झीसिस पळाला. खोटारडी मेली! चांगला जाड झगा होता अंगात. मला नाही कळणार?

दुसऱ्या दिवशी ती जाऊबाईला घेऊन आली. मग सगळ्या गल्लीचेच गुडघे दुखायला लागले. उन्हाळाभर माझ्या अंगावर डोकीच डोकी, नि दिवसभर नुसत्या चहाड्या. कान किटले माझे. बुलडोझर कंटाळून गेला.

आता गारठा पडलाय. थंड वाळूत कोण पुरून घेणार? बाया घरी चुलीशी बसल्यात. नि झीसिस काल माझ्याभोवती फिरून गेला, शीळ घालत.

तू काय बघत उभा राहिलास? तुझ्यानं काही व्हायचं नाही. नीघ आता. नि बुटातली वाळू इथंच झाडून जा. लागेल मला.